पावसाचें दप्तर

उन्हाळा सरत आला कीं वर्तमानपत्रांत एक वाक्य दरवर्षीं न चुकतां वाचावयास मिळतें : यंदा पाऊस सरासरीच्या अमुक टक्के पडेल. सप्टेंबर महिना संपला कीं दुसरें वाक्य येतें : यंदा पाऊस सरासरीपेक्षां इतके टक्के कमी, अथवा अधिक, पडला. पहिलें वाक्य खरें ठरलें कीं खोटें, यावर घरोघरीं चर्चा होते. हवामानखात्यानें पाऊस सांगितला म्हणजे छत्री घरींच ठेवावी, हा विनोद तर आपल्याकडे इतका जुना झाला आहे कीं, तो सांगणाऱ्यालाहि आतां त्याचें हसूं येत नाहीं. परंतु या दोन्ही वाक्यांत जो एक शब्द आहे, त्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. तो शब्द म्हणजे ‘सरासरी’. ही सरासरी ठरविली कोणी? कोणत्या वर्षांवरून? कोणकोणत्या गांवांतला पाऊस मोजून?

आजच्या भाषणांत या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. हवामानखात्याचें भाकित किती वेळां बरोबर येतें, हा आजचा विषय नव्हे. भाकित करणें हें त्या खात्याचें एक काम आहे आणि नोंद ठेवणें हें दुसरें. पहिल्या कामाची स्तुति किंवा निंदा नित्य होत असते; दुसरें काम मुकाट्यानें चालतें. पण पहिलें काम दुसऱ्यावर उभें आहे. आणि पृथ्वीचें हवामान पालटत आहे काय, हा जो मोठा प्रश्न आज सर्व जगापुढें उभा आहे, त्याचें उत्तर या दुसऱ्या कामाखेरीज देतां येणें शक्य नाहीं.

आरंभीं दोन शब्दांतला भेद पाहूं. आज सकाळीं आभाळ आलें आहे, दुपारीं वारा सुटेल, ही झाली हवा. देशावरचा मे महिना कोरडा आणि कडक, कोकणांतला जुलै महिना ओलाचिंब, हें झालें हवामान. हवा रोज पालटते. पुष्कळ वर्षांच्या हवेचा हिशेब घातला म्हणजे हवामान हातीं येतें. एका दिवसाच्या बाजारखर्चावरून घराची ऐपत कळत नाहीं, त्यासाठीं वर्षानुवर्षांच्या जमाखर्चाच्या वह्या चाळाव्या लागतात, तसेंच हें आहे. शास्त्रज्ञांनीं या हिशेबासाठीं निदान ३० वर्षांचा काळ मानला आहे. ३० वर्षें म्हणजे बहुधा एका मनुष्याची अख्खी नोकरी. हवामानाचें एक माप घेण्यास एक नोकरी खर्ची पडते. आणि तें माप बदललें किंवा कसें हें पाहावयाचें, तर तीन-चार पिढ्यांनीं एकाच वहींत, एकाच पद्धतीनें लिहीत राहिलें पाहिजे.

आपल्या घरांतील वडील मंडळी पुष्कळदां म्हणतात, ‘आमच्या लहानपणीं मृगाचा पाऊस ठरल्या दिवशीं यायचा, आतां सगळेंच बिघडलें.’ असें म्हणण्यांत खोटें बोलण्याचा हेतु मुळींच नसतो. परंतु स्मरणशक्ति ही बखरकारासारखी असते. बखर ही बहुधा प्रसंग घडून गेल्यावर पुष्कळ काळानें लिहिली जाते. तींत गोडी असते, पण फौजेचे आंकडे फुगतात आणि तिथी इकडच्या तिकडे होतात. याच्या उलट दप्तर. त्या त्या दिवशीं, त्या त्या कारकुनानें, पुढें कोण वाचील याची कल्पना नसतांना लिहून ठेवलेला रोजकीर्दीचा कागद रुक्ष असतो, पण तो साक्ष देतो. बखरींपेक्षां अस्सल कागदावर भिस्त ठेवावी, हा धडा आपल्या इतिहाससंशोधकांनीं महाराष्ट्राला चांगलाच पढविला आहे. पावसाच्याहि बखरी आहेत. सहदेव-भाडळीचीं भाकितें, पंचांगांत नक्षत्रांना दिलेलीं बेडूक, म्हैस, हत्ती हीं वाहनें, आणि आजोबांच्या आठवणी. त्यांत शेतकऱ्याचें बारीक अवलोकन आहे, हें नाकारण्याचें कारण नाहीं; पण अमक्या सालीं अमक्या गांवीं किती पाऊस पडला, हें त्यांतून निघत नाहीं. तें पावसाच्या दप्तरांतून निघतें. योगायोग असा कीं, ज्या पुण्यांत पेशवे दप्तर आहे, त्याच पुण्यांत भारताच्या हवामानखात्याचें हें नोंदींचें राष्ट्रीय दप्तरहि आहे.

हें दप्तर जमलें कसें, याचा इतिहास थोडक्यांत सांगतों. ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलांत, अठराव्या शतकाच्या अखेरीस, कलकत्ता व मद्रास येथें हवेचे वेध घेण्यास प्रारंभ झाला. मुंबईंत कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालीं बांधली गेली. तिचा मूळ उद्देश आकाशांतील ज्योतींचे वेध घेऊन बंदरांतील जहाजांना अचूक वेळ पुरविणें हा होता. परंतु १८४१ पासून तेथें हवेच्या आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी नियमानें होऊं लागल्या. आपले विख्यात गणिती केरूनाना छत्रे हे तरुणपणीं याच वेधशाळेंत नोकरीस होते. असें ठिकठिकाणीं काम होत होतें, पण तें तुटक होतें. प्रांताप्रांताची तऱ्हा निराळी, उपकरणें निराळीं, वेळाहि निराळ्या. एकाच्या आंकड्याची दुसऱ्याच्या आंकड्याशीं तुलना करावी, तर दोघांचे गजच वेगळे.

या ढिलाईची किंमत लौकरच मोजावी लागली. १८६४ सालच्या ऑक्टोबरांत कलकत्त्यावर भयंकर चक्रीवादळ येऊन आदळलें आणि हजारों माणसें दगावलीं. पाठोपाठ पाऊस फसला आणि १८६६ सालीं ओडिशांत दुष्काळ पडला. त्यांत लाखों माणसें अन्नावांचून मेलीं. सबंध देशाची हवा एका नजरेखालीं पाहणारें कोणी असल्याखेरीज निभाव लागत नाहीं, हें सरकारला तेव्हां कळून चुकलें. आणि १८७५ सालीं हेन्री ब्लॅनफर्ड यांच्या हाताखालीं हिंदुस्थानचें हवामानखातें स्थापन झालें. २०२५ च्या जानेवारींत या खात्यास १५० वर्षें पूर्ण झालीं. खात्याचें मुख्य ठाणें कलकत्त्याहून सिमल्यास, तेथून १९२८ सालीं पुण्यास आणि १९४४ सालीं दिल्लीस गेलें. पुण्याच्या शिवाजीनगरांतील भव्य दगडी इमारतीला लोक ‘सिमला ऑफिस’ कां म्हणतात, याचा उगम या स्थलांतरांत आहे.

ब्लॅनफर्ड यांच्या खात्यापुढचें मोठें काम दिसावयास अगदीं साधें होतें : सर्वांनीं एकाच वेळीं, एकाच जातीच्या उपकरणानें, एकाच नियमानें मोजावें. आजहि भारतांतील पर्जन्यमापक पाहण्याची ठरलेली वेळ सकाळीं साडेआठ ही आहे. त्या क्षणीं ग्रीनिच येथें पहाटेचे तीन वाजलेले असतात, आणि जगांतील अन्य देशांचे निरीक्षकहि आपापल्या उपकरणांपुढें उभे असतात. वर्तमानपत्रांत ‘चोवीस तासांतील पाऊस’ म्हणून जो आंकडा येतो, तो मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंतचा नसून आदल्या दिवसाच्या साडेआठपासून आजच्या साडेआठपर्यंतचा असतो.

पर्जन्यमापक म्हणजे काय? ठराविक तोंडाचें एक नळकांडें. त्यांत पडलेलें पाणी खुणा केलेल्या कांचेच्या भांड्यांत ओतून मोजावयाचें. पण तें कोठें ठेवावयाचें, याला नियम आहेत. जवळच्या झाडाची किंवा भिंतीची जेवढी उंची, तिच्या निदान दुप्पट अंतरावर तें असलें पाहिजे. नाहींतर वारा अडून पावसाचें माप चुकतें. तापमापकाचीहि तीच गोष्ट. तो उन्हांत टांगला तर हवेचें तापमान न दाखवितां स्वतःच्याच अंगाचें दाखवितो. म्हणून त्याला झडपा असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटींत, जमिनीपासून ठराविक उंचीवर ठेवतात. आणि उघडतांना ऊन आंत शिरूं नये म्हणून पेटीचें दार आपल्या बाजूच्या गोलार्धांत उत्तरेकडे करतात. ऐकणाऱ्याला हे नियम सोवळ्याओवळ्यासारखे वाटतील. परंतु १९०१ सालचा आंकडा २०२४ सालच्या आंकड्याशेजारीं ठेवण्याचा अधिकार आपल्याला मिळतो, तो या सोवळ्यामुळेंच. स्वातंत्र्यानंतर ही उपकरणें परदेशांतून न आणतां येथेंच तयार व्हावींत, म्हणून ज्यांनीं पुण्याच्या उपकरणशाखेंत झटून काम केलें, त्यांत अण्णा मणी या विदुषींचें नांव अग्रभागीं आहे. सुमारें शंभर उपकरणांचे प्रमाणभूत आराखडे त्यांच्या देखरेखीखालीं तयार झाले. आज उपग्रह आहेत, रडार आहेत, आपोआप नोंद करणारीं यंत्रें आहेत. परंतु उपग्रहाला दिसलेला पाऊस खरा किती, हें ताडून पाहावयाचें तर शेवटीं जमिनीवरच्या नळकांड्याकडेच यावें लागतें.

आतां आपण पहिल्या प्रश्नाकडे वळूं. देशाच्या पावसाची सरासरी ठरते कशी? जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सबंध देशांत पडणाऱ्या पावसाची, पन्नास वर्षांवरून काढलेली, ही सरासरी असते. १९५१ ते २००० या वर्षांवरून ती ८९ सेंटिमीटर आली होती. १९६१ ते २०१० या वर्षांवरून ती ८८ झाली. २०२२ पासून १९७१ ते २०२० हीं वर्षें धरतात, आणि ती ८७ सेंटिमीटर आहे. म्हणजे ‘सरासरीइतका पाऊस’ या शब्दांनीं आज जेवढें पाणी दर्शविलें जातें, तें पूर्वीच्या मापापेक्षां दोन सेंटिमीटरांनीं कमी आहे. दोन सेंटिमीटर म्हणजे दोन बोटांची रुंदीसुद्धां नव्हे, असें कोणी म्हणेल. पण तें पाणी सुमारें ३२ लाख चौरस किलोमीटर भूमीवर पसरलेलें आहे. गुणाकार केला तर कोयनेचें धरण वीसपेक्षां अधिक वेळां भरेल, इतकें तें होतें.

यावरून लगेच कोणी असें अनुमान काढूं नये कीं हा सारा पृथ्वी तापल्याचाच परिणाम. आपला मोसमी पाऊस कांहीं दशकें चढता आणि कांहीं दशकें उतरता असतो, हेंहि याच दप्तरावरून दिसून आलें आहे. कोणती घट या नैसर्गिक चढउताराची आणि कोणती मनुष्याच्या करणीची, हें वेगळें करण्यासाठींच तर लांब पल्ल्याची नोंद हवी. मुंबईचीच गोष्ट घ्या. १९०१ ते १९४० या वर्षांच्या नोंदींवरून मोसमी पाऊस मुंबईंत १० जूनला येतो आणि २९ सप्टेंबरला परततो, असें ठरलें होतें. पुढील काळाच्या नोंदी तपासून २०२० सालीं या तारखा बदलल्या. येण्याची तारीख अवघी एका दिवसानें पुढें गेली आणि ११ जून झाली. परतण्याची मात्र ८ ऑक्टोबर झाली. ‘पाऊस हल्लीं उशीरां येतो’ अशी तक्रार आपण घरोघरीं ऐकतों. दप्तर सांगतें कीं खरा फरक येण्यांत नाहीं, जाण्यांत आहे. बखर आणि दप्तर यांतलें अंतर तें हेंच.

आणखी दोन गोष्टी या दप्तरानें उघड केल्या आहेत. भारत सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयानें २०२० सालीं देशाच्या हवामानाचा जो समग्र आढावा प्रसिद्ध केला, त्यांत १९०१ पासून २०१८ पर्यंत देशाचें सरासरी तापमान सुमारें ०.७ अंश सेल्सियसनें चढल्याचें दाखविलें आहे. पुढें १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हें वर्ष सर्वांत उष्ण ठरलें. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेंतील शास्त्रज्ञांच्या पुढाकारानें झालेल्या व २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, १९५० ते २०१५ या काळांत मध्य भारतांतील विस्तीर्ण प्रदेशावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीनें वाढले. एकूण पाऊस घटत असतां अतिवृष्टि वाढते, हें वर्षाची बेरीज पाहून कधींच कळलें नसतें. त्यासाठीं रोजचा आंकडा हवा, आणि तो शेंकडों ठिकाणांचा हवा. १९०१ पासूनच्या देशांतील रोजच्या पावसाचा जो नकाशावार संग्रह पुण्याच्या कार्यालयानें तयार केला आहे, त्यासाठीं ६,९५५ पर्जन्यमापकांच्या नोंदी घेतल्या आहेत. सगळ्यांच्या नोंदी सर्व वर्षें अखंड नाहींत. पण त्या एकत्र गुंफल्या म्हणजे शंभर-सव्वाशें वर्षांचें चित्र उभें राहतें.

येथें एक अडचण ध्यानांत घेतली पाहिजे. शंभर वर्षांत वेधशाळा जागच्या जागीं राहिली तरी तिच्या भोंवतालचें गांव तसेंच राहत नाहीं. मळ्यांच्या जागीं इमारती उभ्या राहतात, मातीच्या जागीं डांबर येतें, आणि तापमापक चढूं लागतो. ही वाढ हवामानाची कीं शेजाऱ्यांची, हें ओळखावें कसें? या बाबतींत कुलाब्याच्या वेधशाळेनें घालून दिलेला धडा अजून उपयोगाचा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईंत विजेची ट्राम सुरू करण्याचें ठरलें. ट्रामच्या विजेमुळें कुलाब्याच्या चुंबकसूच्या विचलित होणार, हें उघड होतें. तेव्हां नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस हे वेधशाळेचे प्रमुख होते. चुंबकीय नोंदींसाठीं अलिबागची जागा निवडण्यांत आली आणि तेथें १९०४ सालीं काम सुरू झालें. परंतु कुलाब्याचें काम त्याच दिवशीं बंद केलें नाहीं. १९०६ पर्यंत दोन वर्षें दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं नोंदी घेतल्या, दोहोंतला फरक मोजला, आणि मग जुनी वही मिटली. त्यामुळें कुलाबा आणि अलिबाग मिळून १८४१ पासून चालत आलेली एक मालिका तयार झाली. ती आज जगांतील अशा दीर्घ मालिकांपैकीं एक गणली जाते. हाच नियम तापमापकालाहि लागू आहे. केंद्र हलवावें लागलें तर हलवावें. पण कांहीं काळ जुनें व नवें बरोबर चालवावें, आणि हलविल्याची तारीख लिहून ठेवावी. एवढें केलें नाहीं, तर जागेचा बदल हवामानाचा बदल म्हणून आपल्या नातवंडांच्या गळीं पडेल.

अशा नोंदींचा उपयोग पुढें कोणाला आणि कसा होईल, हें लिहिणाऱ्याला ठाऊक नसतें. १८७७ आणि १८९९ या दोन सालीं पाऊस दगा देऊन गेला आणि मोठे दुष्काळ पडले. असा प्रसंग आधीं ओळखतां येईल काय, या विवंचनेंतून १८८६ सालीं हिमालयांतील बर्फाच्या प्रमाणावरून पावसाचा अंदाज नियमानें प्रसिद्ध होऊं लागला. पुढें १९०४ सालीं केंब्रिजचे गणिती गिल्बर्ट वॉकर हे खात्याचे प्रमुख झाले. त्यांनीं हिंदुस्थानच्या नोंदींवर न थांबतां जगांतील दूरदूरच्या ठिकाणांचे हवेचा दाब, पाऊस व तापमान यांचे आंकडे गोळा केले आणि वीस वर्षें त्यांचा परस्परसंबंध तपासला. तेव्हां त्यांना दिसलें कीं, प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढला म्हणजे हिंदी महासागराच्या बाजूला तो घटतो, आणि तो तिकडे घटला म्हणजे इकडे वाढतो. जणूं एका तराजूचीं हीं दोन पारडीं. याच झोक्याचा प्रशांत महासागरांतील ‘एल निनो’शीं असलेला संबंध १९६० नंतरच्या दशकांत उलगडला, आणि आज मोसमी पावसाच्या प्रत्येक अंदाजांत त्याचा विचार होतो. वॉकर यांची बुद्धि थोर खरी. पण कोठल्या तरी बेटावर, कोठल्या तरी बंदरांत वायुभारमापकाचा आंकडा रोज टिपून ठेवणाऱ्या अनाम कारकुनांवांचून ती बुद्धि निरुपाय झाली असती.

पाऊस परवाना न घेतां सरहद्दी ओलांडतो. म्हणून हें काम एका देशानें करून भागत नाहीं. १८७३ सालीं व्हिएन्ना येथें निरनिराळ्या देशांचे हवामानशास्त्रज्ञ एकत्र जमले आणि परस्पर सहकार्याची घडी बसली. १९५० सालीं तिचें रूपांतर जागतिक हवामान संघटनेंत झालें. हवामानविषयक आवश्यक आंकडे सर्व देशांनीं परस्परांस विनामूल्य द्यावे, असा ठराव या संघटनेनें १९९५ सालीं केला. ज्या देशांचें आपसांत पटत नाहीं, तेहि वादळाची वार्ता एकमेकांस कळवितात.

आतां कोणी विचारील कीं, हें काम सरकारनेंच कां करावें? व्यापारी कंपन्या आज हवेचे अंदाज देतात, आणि कांहीं चांगलेहि देतात. आपल्या महाराष्ट्रांत महसूल मंडळांतून स्वयंचलित केंद्रें बसविण्याच्या कामींहि खाजगी कंपनीचें साहाय्य घेतलें आहे. याला विरोध करण्याचें कारण नाहीं. परंतु व्यापारी तेथेंच केंद्र उभारील, जेथें गिऱ्हाईक आहे. आणि वादळ जन्माला येतें तें भर समुद्रांत, जेथें कोणी गिऱ्हाईक नाहीं. व्यापाऱ्याचा हिशेब वर्षाचा, फार तर दहा वर्षांचा; हवामानाचा हिशेब शतकाचा. शिवाय पिकाच्या विम्याचा तंटा उभा राहिला कीं एका बाजूला शेतकरी असतो आणि दुसऱ्या बाजूला विमा कंपनी. त्या मंडळांत पाऊस किती पडला यावर शेतकऱ्याच्या घरांतलें सबंध वर्ष अवलंबून असतें. तो आंकडा दोन्ही पक्षांना मान्य होईल अशा त्रयस्थानें मोजलेला असला पाहिजे.

पण सरकारनें काम हातीं घेतलें म्हणजे आपण निश्चिंत व्हावें, असेंहि नाहीं. सरकारी दप्तराला तीन धोके असतात. पहिला काटकसरीचा. अंदाजपत्रकांत कात्री लावतांना दूरच्या गांवचें एक पर्जन्यमापक केंद्र बंद केलें, तर कोणी मोर्चा काढीत नाहीं. २६ जुलै २००५ या दिवसाचें स्मरण करा. त्या दिवशींच्या पावसाची नोंद सांताक्रूझच्या वेधशाळेंत ९४४ मिलिमीटर झाली आणि कुलाब्याच्या वेधशाळेंत सुमारें ७४. एकाच शहराचीं हीं दोन टोकें, मधलें अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. सांताक्रूझला पर्जन्यमापक नसता, तर ज्या पावसांत शेंकडों माणसें मेलीं, त्याचें सरकारी माप ७४ मिलिमीटर म्हणून राहिलें असतें, आणि पुढच्या पिढीचे गटार बांधणारे इंजिनियर तेवढ्यावरच विसंबले असते.

दुसरा धोका कुलुपाचा. लोकांच्या पैशानें जमविलेले आंकडे लोकांनाच सहज मिळूं नयेत, किंवा जबर किंमत मोजून मिळावेत, असें झालें तर दप्तर असून नसल्यासारखें. पुण्याच्या कार्यालयाचा वर सांगितलेला नकाशावार संग्रह आज कोणालाहि विनामूल्य उतरवून घेतां येतो, ही समाधानाची गोष्ट आहे. आणि ती तशीच राहिली पाहिजे.

तिसरा धोका अब्रूचा, आणि तो सर्वांत सूक्ष्म आहे. २००२ सालीं खात्यानें पाऊस सरासरीइतका पडेल असें सांगितलें होतें. प्रत्यक्षांत तो १९ टक्के कमी पडला आणि देशावर अवर्षण आलें. खात्याची फजिती झाली, टीका झाली, आणि पुढच्याच वर्षीं अंदाजाची पद्धति बदलण्यांत आली. परंतु त्या फजितींत एक गोष्ट नजरेआड झाली. तो १९ टक्क्यांचा आंकडा मोजला कोणी? त्याच खात्यानें. आपलें भाकित चुकल्याचा पुरावा त्यानें स्वतःच्या हातानें लिहिला आणि जसाच्या तसा प्रसिद्ध केला. भाकित चुकणाऱ्या खात्यावर फार तर टीका होते. पण आपली लाज झांकण्यासाठीं नोंद फिरविणारें खातें असेल, तर त्याच्या कोणत्याहि वहीवर पुन्हां कोणी विश्वास ठेवणार नाहीं. १९९९ सालीं ओडिशाच्या महावादळांत दहा हजारांच्या आसपास माणसें दगावलीं. २०१३ सालीं त्याच किनाऱ्यावर ‘फायलिन’ हें मोठें वादळ आलें, तेव्हां लाखों लोकांना आगाऊ हलविलें गेलें आणि मृत्यूंचा आंकडा शंभराच्या आंत राहिला. लोकांनीं त्या वेळीं खात्याचा शब्द मानून घरेंदारें सोडलीं. शब्दाला असें वजन येतें, तें वर्षानुवर्षें प्रामाणिकपणें लिहिलेल्या आंकड्यांमुळें येतें.

श्रोतेहो, सरकारचीं पुष्कळशीं कामें अशीं असतात कीं, तीं यंदा राहिलीं तर पुढच्या सालीं करतां येतात. रस्ता पुढच्या वर्षीं बांधतां येईल, शाळेची इमारत दोन वर्षांनीं पुरी होईल. पण यंदाचा न मोजलेला पाऊस पुढच्या सालीं मोजतां येत नाहीं. कितीहि पैसा ओतला, कितीहि हुशार माणसें नेमलीं, तरी वहींतलें तें कोरें पान कोरेंच राहतें. म्हणून आपल्या जिल्ह्यांत पावसाचीं केंद्रें किती आहेत, त्यांतलीं किती चालू आहेत, मागील दहा वर्षांत किती बंद पडलीं किंवा हलविलीं गेलीं, आणि त्यांचे आंकडे सामान्य नागरिकाला मागितल्यावर मिळतात कीं नाहीं, हे प्रश्न आपण आपल्या लोकप्रतिनिधींना विचारावयास हरकत नाहीं. पाण्याच्या नळाविषयीं आपण विचारतोंच. ज्या पावसावर तो नळ अवलंबून, त्याच्या हिशेबाचीहि तितकीच चौकशी व्हावी.